कुंडलिकेवरचा गुरुवार : एका सहलीचा आणि शंभर वर्षांच्या पाण्याचा इतिहास

स्मरणिका समितीने लेखांचे विषय वाटून दिले तेव्हा सोसायटीच्या नोंदणीचा इतिहास, गणेशोत्सवाचा इतिहास आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा इतिहास हे तिन्ही विषय आधीच गेलेले होते. माझ्या वाट्याला ‘आपल्या सहली’ आल्या. पंचवीस वर्षांत आपण सहली काही कमी केल्या नाहीत. अष्टविनायक झाले, गाणगापूर झालं, दिवेआगरला तर तीनदा जाऊन आलो. पण आजही कट्ट्यावर विषय निघतो तो एकाच सहलीचा. मार्च २०१२ मध्ये आपल्या सोसायटीतले आम्ही आठ जण कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करायला गेलो होतो, त्या सहलीचा.

तीच सहल लिहावी म्हणून बसलो. पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, कोकणातल्या नद्या आटत आलेल्या असताना, त्या एका नदीत उसळतं पाणी होतं कसं, हे सांगितल्याशिवाय सहल पुरी होत नाही. आणि ते सांगायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा हा लेख थोडा सहलीचा आणि बराचसा पाण्याचा झाला आहे. सभासदांनी गोड मानून घ्यावा.

गुरुवारच का?

नव्या पिढीतल्या मुलांना शनिवार-रविवारची सुट्टी माहीत आहे. आमच्या पिढीला गुरुवार माहीत होता. विजेची टंचाई होती त्या काळापासून औद्योगिक पट्ट्यांना साप्ताहिक सुट्टीचे वार वाटून दिलेले आहेत. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि एकाच दिवशी चालू राहिले तर विजेवरचा भार सांभाळणं कठीण, म्हणून ही वाटणी. आपल्या भोसरी-पिंपरी पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे आमच्या मुलांच्या मुंजी, घरभरण्या, सोसायटीच्या मीटिंगा, सगळं गुरुवारी. मुलांना शाळा असली तरी बापाला सुट्टी गुरुवारीच.

आम्ही आठ जण. दोघं टूल रूमवाले, एक क्वालिटीत, एक चाकणला ट्रान्सपोर्ट सांभाळणारा, एक शाळेत शिक्षक, बी विंगमधले निवृत्त झालेले काका, मी, आणि आठवा आमचा मुळशीकर. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याने तशी अट घातली आहे. ‘मुळशीकर’ म्हटलं की सोसायटीत सगळ्यांना कळतंच.

होळी आठ मार्चच्या आसपास होऊन गेली होती. त्याच्या पुढचा गुरुवार ठरला. पहाटे चारला दोन गाड्या निघाल्या. मोशीहून भोसरी, पुढे चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, मग ताम्हिणी घाट उतरून विळे आणि तिथून सुतारवाडीच्या बाजूने कोलाडकडे. तीन-साडेतीन तासांचा रस्ता. शिक्षकमित्र वाटेत माहिती सांगत होते आणि मागच्या सीटवरचे झोपले होते.

मुळशीला थांबलो

मुळशीच्या धरणाच्या पाण्याला लागून रस्ता जातो तिथे मुळशीकराने गाडी थांबवायला सांगितली. नुकतं उजाडत होतं. आम्हाला वाटलं चहाला थांबला असेल. तो खाली उतरला, पाण्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि हात जोडले.

“देऊळ कुठंय रे इथं?” काकांनी विचारलं.

“खाली आहे काका,” तो म्हणाला. “पाण्याखाली. आमचं गाव आहे तिथं.”

आम्ही त्याच्या शेजारी दहा-बारा वर्षं राहत होतो. त्याचं मूळ गाव पौडच्या पुढे कुठेतरी, एवढंच माहीत होतं. त्याचे आजोबा सहा-सात वर्षांचे असताना कुटुंबाने गाव सोडलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या शेताचे बांध दिसायचे आणि आजोबा बोटाने दाखवायचे, ‘हे आपलं खाचर, हे चुलत्यांचं.’ आंबेमोहोर पिकायचा तिथे, असं आजोबा शेवटपर्यंत सांगत होते.

त्यानंतर गाडीत झोप कुणालाच आली नाही. ताम्हिणीच्या वळणांवर शिक्षकांनी आम्हाला जो इतिहास सांगितला, त्यात मी नंतर वाचून भर घातली. तो थोडक्यात असा.

मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुराशिवाय, विजेवर चालवाव्यात ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ मध्ये गेले, पण पुढच्या लोकांनी ती उचलून धरली. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी उभी राहिली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. त्यासाठी लोणावळा, वळवण, शिरवता या भागात धरणं बांधली गेली. १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर आलं, त्याचं पाणी ठोकरवाडी धरणातून. आणि तिसरं वीजघर रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याचं. ते १९२७ मध्ये सुरू झालं, त्याचं पाणी मुळशीचं.

यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस प्रचंड. ताम्हिणीच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्या मोशीत त्याच्या सातव्या हिश्श्याएवढासुद्धा पडत नाही. तिथे उगम पावणाऱ्या मुळा, इंद्रायणी, आंद्रा या नद्या खरं तर पूर्वेकडे, आपल्याकडे वाहतात. पण माथ्यापासून पश्चिमेला काही किलोमीटरवर कोकणाचा कडा आहे. पाणी धरणात अडवलं, बोगद्यातून त्या कड्यापर्यंत नेलं आणि नळांमधून खाली सोडलं, की सुमारे पाचशे मीटरची उडी मिळते. तेवढ्या दाबाचा झोत पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतो, चक्र फिरतं, वीज होते. देशावर हीच नदी तेवढी उंची उतरायला समुद्रापर्यंतचा सगळा प्रवास घेते. इंजिनिअरने तिला कड्यावरून उतरवलं.

पण धरणासाठी मुळशी खोऱ्यातली पन्नासच्या वर गावं बाधित होणार होती. भूसंपादनाचं रीतसर काम पुरं होण्याआधीच कंपनीची माणसं शेतांमध्ये शिरली. लोक संतापले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. हा मुळशी सत्याग्रह. त्याचं नेतृत्व पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी केलं. याच लढ्यातून बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली. बायका-मुलंही यात उतरली, तुरुंगात गेली. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त याची दखल घेतली. पुढे राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला आणि त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं.

लढा टिकला नाही. सरकार भूसंपादनाचा कायदा घेऊन कंपनीच्या मागे उभं राहिलं. ज्या जमिनींवर पुण्यातल्या सावकारांचे हक्क होते, त्यातले काही सावकार मोबदला घ्यायला तयार झाले, आणि कसणारा कूळ मात्र हात हलवत राहिला. सत्याग्रहींत फूट पडली. बापटांनी १९२४ च्या अखेरीस धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांत भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि मुंबईत दिवे लागले.

शिक्षकांचं सांगून झालं तेव्हा आम्ही घाट उतरलो होतो. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, “म्हणजे आपण आज पोहायला चाललोय ते याच्याच गावावरून आलेलं पाणी?”

“तेच,” मुळशीकर म्हणाला. “म्हणून तर मी येणार नव्हतो. बायको म्हणाली, जा, बघून तरी ये कुठं जातं ते.”

आटलेल्या कोकणातली भरलेली नदी

कोकणातल्या नद्या लांबीला लहान आणि उताराला तीव्र. पावसाळ्यात दोन्ही काठ सोडून वाहतात, दिवाळीनंतर बारीक होतात आणि होळीपर्यंत ठिकठिकाणी डोहच उरतात. कुंडलिका मात्र वेगळी. भिऱ्याच्या वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी खाली अडवलेलं आहे. रवाळजे इथे त्यावर पुन्हा एकदा वीज काढली जाते, ती सरकारी, १९८० च्या दशकातल्या प्रकल्पाची, आणि मग ते पाणी नदीत सुटतं. पुढे कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे. तिथून कालवे निघतात आणि रोहा-माणगावच्या बाजूला उन्हाळ्यात हिरवंगार भात उभं राहतं. धाटावच्या एमआयडीसीलाही पाणी लागतं. उरलेलं रोह्यावरून रेवदंडा-कोरलईपाशी समुद्राला मिळतं.

राफ्टिंगचा टप्पा रवाळज्याच्या खाली सुरू होतो आणि बारा-चौदा किलोमीटर चालतो. तिथला सगळा धंदा एका गोष्टीवर अवलंबून: सकाळी वरून पाणी सुटलं पाहिजे. सुटलं तर राफ्ट निघतात, नाही सुटलं तर लोक नाश्ता करून परत जातात. पाणी का सुटतं, तर वीज तयार झाली म्हणून. वीज का तयार झाली, तर मुंबईत कुणीतरी पंखा, लोकल, मोटार, काहीतरी चालू केलं म्हणून. जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू करता येतं, कोळशाच्या केंद्राला तसं जमत नाही. म्हणून मागणी चढली की या केंद्रांकडे धाव. १९९० च्या दशकात तर भिऱ्याला असंही यंत्र बसलं, की वीज शिल्लक असेल तेव्हा खालचं पाणी पुन्हा वर मुळशीत चढवावं.

हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅनियनमधून जॉन वेस्ली पॉवेल १८६९ मध्ये लाकडी होड्या घेऊन गेला, तेव्हा ती नदी मोकळी होती. आज तिथे जाणाऱ्या राफ्ट वरच्या ग्लेन कॅनियन धरणातून किती पाणी सोडलं यावर चालतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या उरलेल्या रबरी होड्या स्वस्तात मिळू लागल्या आणि तिथे हा खेळ वाढला. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये उसळत्या पाण्यातल्या होड्यांची शर्यत पहिल्यांदा आली, ती तर ऑग्सबुर्गला मुद्दाम बांधलेल्या कालव्यात झाली. आपल्याकडे ऋषिकेशची गंगा हिमालयातल्या बर्फावर चालते. कुंडलिका विजेच्या मीटरवर चालते, असं आमचे क्वालिटीवाले म्हणाले.

वल्हं हातात घेतल्यावर

काठावर आम्हाला हेल्मेट आणि लाइफ जॅकेट दिली. जॅकेटचे पट्टे गाईडने स्वतः एकेकाचे ओढून पाहिले. गाईड सुतारवाडीकडचाच तरणा पोरगा होता. आमच्या शिक्षकांना तो ‘सर’ म्हणाला, काकांना ‘काका’, आणि बाकीच्यांना सगळ्यांना ‘भाऊ’. त्याने चार आज्ञा शिकवल्या. फॉरवर्ड म्हटलं की पुढे वल्हवायचं, बॅक म्हटलं की मागे, स्टॉप म्हटलं की वल्हं मांडीवर, आणि होल्ड म्हटलं की बाहेरच्या दोराला धरून आत वाकायचं. वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते, ती कधीही सोडायची नाही. सुटली तर शेजाऱ्याचे दात जातात, हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं.

पाण्यात पडलात तर काय? तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, दोन दगडांमध्ये पाय अडकतो. पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याबाहेर, आणि दोर येईपर्यंत वाहत राहायचं. आमच्या मागे-पुढे एक छोटी कयाक फिरत होती, ती याचसाठी. कयाक हा शब्द आणि ती होडी, दोन्ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचं. सीलच्या कातड्याने मढवलेल्या होडीतून ते शिकार करायचे.

आपल्याकडेही असं साधन होतं. वाळलेले भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून नदी ओलांडायची, त्याला ‘सांगड’ म्हणायचे. दोन होड्या जोडल्या तरी सांगडच. आपण रोजच्या बोलण्यात ‘या दोन गोष्टींची सांगड घाला’ म्हणतो, तो शब्द नदीवरून आलेला आहे. भीमा-इंद्रायणीकाठच्या जुन्या माणसांना पूल होण्याआधीचे हे प्रकार आठवत असत.

राफ्ट पाण्यात ढकलली. पहिला तास आम्ही आठ जण आठ दिशांना वल्हवत होतो. टूल रूमच्या दोघांनी तर एकमेकांच्या विरुद्ध बाजूला जोर लावून राफ्ट गोल फिरवली. गाईड हसला नाही, एवढंच म्हणाला, “भाऊ, मोजून मारू या.” मग काकांनी मोजायला सुरुवात केली. त्यांनी आयुष्यभर कंपनीत प्रेस चालवलेला, ताल पक्का. एक-दोन, एक-दोन. राफ्ट सरळ झाली.

उसळी येते ती नदीचा उतार वाढतो, पात्र अरुंद होतं आणि खाली मोठे दगड असतात तिथे. समुद्रात लाट पुढे जाते आणि पाणी जवळपास जागेवर राहतं. नदीत उलटं होतं, लाट एका जागी उभी राहते आणि पाणी तिच्यातून धावत जातं. त्यामुळे लाट येण्याची वाट बघून चालत नाही. आपणच जोरात वल्हवून तिच्यात शिरायचं असतं. वेग पाण्यापेक्षा कमी पडला की राफ्ट आडवी होते आणि आडवी झाली की उलटते. जगभर अशा प्रवाहांचे सहा दर्जे मानतात. पहिला म्हणजे संथ, सहावा म्हणजे जवळजवळ अशक्य. कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्यात बसते. आमच्यासारख्यांना तेवढं पुरेसं होतं.

तिसऱ्या की चौथ्या उसळीला ट्रान्सपोर्टवाला गेला. आत्ता होता, आत्ता नाही. लाल हेल्मेट वीस फूट पुढे दिसलं, मग नाहीसं झालं, मग पुन्हा दिसलं. कुणी ओरडलं नाही. काका एक-दोन मोजतच होते, फक्त आवाज चढला होता. त्याने सांगितल्याप्रमाणे पाय पुढे केले होते. कयाकवाला त्याच्यापर्यंत पोहोचला, त्याने कयाकचं टोक धरलं, आणि मुळशीकराने त्याला जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यांना धरून आत ओढलं. दोघेही राफ्टच्या तळाशी एकमेकांवर पडले. बराच वेळ तसेच पडून होते.

खाली संथ डोह आला. गाईड म्हणाला, इथे पाण्यात उतरायला हरकत नाही. आम्ही उतरलो. पाणी मार्चच्या उन्हातही गार होतं. मुळशीकर पाठीवर तरंगत होता. मी विचारलं, कसं वाटतंय?

“आमच्या आजोबांना पोहता येत नव्हतं,” तो म्हणाला. “गाव पाण्यात गेलं त्यांचं, पण पोहायला नाही शिकले कधी.”

एवढंच बोलला.

पंढरीच्या वाटेवरचं पाणी

परत येताना गाडीत चांगलाच वाद झाला. त्या वादाचं कारण ताजं होतं. सात महिन्यांपूर्वी, ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी आणायच्या योजनेविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्ग अडवला होता. बऊर गावाजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. त्यांत एक बाई होती. ते पाणी येणार होतं आपल्या शहराला.

क्वालिटीवाल्यांचं म्हणणं, नदीतून वाहत आणलं की गळती, चोरी, घाण. नळ बंद हवा. शिक्षकांचं म्हणणं, शेतकऱ्याची विहीर त्या वाहत्या नदीवर भरते, तो का गप्प बसेल? ट्रान्सपोर्टवाला, अजून ओला, म्हणाला की टाटांच्या धरणांतलं पाणी कोकणात सोडण्याऐवजी पूर्वेला वळवा म्हणजे प्रश्नच मिटला. तर काकांनी विचारलं, “आणि सकाळी बघितलेलं ते भात? आणि तो गाईड पोरगा? त्यांना काय सांगणार?”

उत्तर कुणाकडेच नव्हतं. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर प्रश्न जास्तच अवघड होतो. मुळशीला अडवलं नसतं तर ते पाणी मुळेतून खाली आलं असतं. दापोडीला त्याला पवना मिळाली असती, पुण्याच्या संगमावर मुठा, पुढे भीमा, आणि मग पंढरपूरला तीच चंद्रभागा. आपली इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच मिळते. म्हणजे आपण ज्या पाण्यात वल्ही मारली ते मुळात पंढरीच्या वाटेवरचं पाणी. शंभर वर्षांपूर्वी ते वळवलं आणि आता ते रेवदंड्याच्या खाडीत जातं. मोशी देहू आणि आळंदीच्या मधली, आपल्याला हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको.

आणि आपला नळ

आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा मोशी महापालिकेत येऊन तीन-चार वर्षंच झाली होती. १९९७ मध्ये आसपासच्या गावांबरोबर मोशी शहरात आली. तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं आणि दगडाच्या खाणी होत्या. आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. माणसं वाढली तसं पवनेचं पाणी अपुरं पडलं. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी आहे. एप्रिल-मे मध्ये गेटवर टँकरची रांग लागते, सेक्रेटरींचा फोन रात्री अकराला वाजतो, आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये कसं वाटायचं यावर सर्वसाधारण सभेत काय काय ऐकावं लागतं ते इथे छापण्यासारखं नाही.

मग आंद्रा धरणाचं पाणी आलं. ते इंद्रायणीत सोडतात, निघोजेच्या बंधाऱ्यातून उचलतात, चिखलीला शुद्ध करतात. दिवसाला १०० दशलक्ष लिटरची ही योजना आपल्या बाजूसाठीच महत्त्वाची. आता गंमत पाहा. आंद्रा नदीच्या वरच्या अंगाला ठोकरवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी १९२२ पासून कड्यावरून भिवपुरीला उतरतं, म्हणजे पश्चिमेला. खालच्या खोऱ्यात पडणारं पाणी आंद्रा धरणात थांबतं, ते पूर्वेला आपल्या नळात. एकाच नदीचे दोन वाटे. एक विजेला, एक आपल्याला. आणि दोन्हींसाठी मावळातल्या कुणाची तरी जमीन गेलेली.

निघोजे आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. पण किती जणांनी तो बंधारा पाहिला आहे? इंद्रायणीचा फेस मात्र सगळ्यांनी पाहिला आहे, आळंदीला तो बातम्यांत येतो. कुंडलिकेचं पाणी पांढरं दिसतं ते दगडांवर आपटून त्यात हवा मिसळते म्हणून. ती हवा क्षणात विरते आणि खाली डोहात पाणी पुन्हा नितळ होतं. इंद्रायणीवरचा फेस विरत नाही. तो वरच्या वस्त्यांच्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या घाणीचा आहे, आणि त्या वस्त्यांमध्ये आपणही आलो. एकाच रंगाच्या दोन गोष्टींमधला हा फरक मला त्या सहलीने शिकवला.

सहलीनंतर आपल्याकडे काय झालं, हे नव्या सभासदांना माहीत नसेल म्हणून सांगतो. त्याच वर्षीच्या सर्वसाधारण सभेत छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडण्याचा ठराव मुळशीकराने मांडला. अनुमोदन ट्रान्सपोर्टवाल्याने दिलं. खर्चावरून विरोध झाला, दोन सभा वाद चालला. शेवटी काका उठले आणि म्हणाले, “आपल्याला मिळतं ते पाणी कुणाच्या तरी गावावरून येतं. आपल्या गच्चीवर पडतं ते तरी आपलं धरून ठेवू.” ठराव मंजूर झाला. बोअर एप्रिलपर्यंत टिकू लागली. मे महिना अजूनही टँकरचाच आहे, हेही खरं.

काका आता नाहीत. गाईड पोरगा कुठे आहे माहीत नाही. मुळशीकर दर रामनवमीला सकाळी मुळशीला जाऊन येतो आणि येताना पौडहून आंबेमोहोर तांदूळ आणतो. गेल्या काही वर्षांपासून आमच्यापैकी दोघं-तिघं त्याच्याबरोबर जातात. रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीची मोठी गाडी करून जायचं घाटत आहे, सध्या अठरा नावं आली आहेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी सी विंगच्या नोटीस बोर्डावर नाव लिहावं. पोहता येत नसलं तरी चालेल. पाण्याच्या बाटल्या मात्र ज्याच्या त्याने आणाव्यात.